कॅमेरा : दुकानातला की पार्सलातला?

आमच्या महाविद्यालयात एखाद्याच्या मनात कॅमेरा घेण्याचा विचार आला, की त्याला दोन तऱ्हेचे सल्लागार भेटतात. पहिल्या तऱ्हेचे सल्लागार खिशातून मोबाईल काढून "हे बघ, इथे चार हजारांनी स्वस्त आहे" म्हणून भाव दाखवतात. दुसऱ्या तऱ्हेचे सल्लागार, यांत बहुतेक प्राध्यापक मंडळी असतात, "आपल्या गावचा दुकानदार जगला पाहिजे" असे गंभीरपणे सांगतात आणि स्वतः मात्र पुस्तकांपासून पायमोजांपर्यंत सर्व काही घरपोच मागवतात. (कोणाचे नाव घेत नाही, अंतर्गत गुण अजून लागायचे आहेत.)

प्रस्तुत लेखक दुकानाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. परंतु दुकानदाराची दया येते म्हणून नव्हे. दयेवर व्यापार चालत नाही, आणि चालूही नये. विद्यार्थ्याच्या घरून मोठ्या कष्टाने जमवलेले चाळीस-पन्नास हजार रुपये असतात. त्यांतले चार हजार त्याने दुसऱ्याच्या दुकानावर का उधळावेत, या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे लागेल. ते उत्तर आहे असे मला वाटते. मात्र ते सगळ्यांना सारखे लागू पडत नाही, आणि गडचिरोलीच्या आतल्या भागातून आलेल्या माझ्या मित्रांना तर मुळीच लागू पडत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

कॅमेरा विकत घेण्याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. १९१२ साली त्यासाठी ते थेट लंडनला गेले. तेथे त्यांनी 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन कॅबोर्न नावाच्या संपादकाची गाठ घेतली, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रीकरण कसे चालते ते डोळ्यांनी पाहिले, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते परतले. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. फाळक्यांना त्या प्रवासात कॅमेऱ्याइतकीच मोलाची दुसरी एक वस्तू मिळाली, ती म्हणजे जाणत्या माणसाशी झालेले बोलणे. ही दुसरी वस्तू पार्सलात बांधून येत नाही.

आपल्या चंद्रपुरात ती लंडनला न जाता मिळत असे. वडील मंडळींना विचारा. आगफा कंपनीचा 'क्लिक थ्री' नावाचा डबा कॅमेरा त्या काळी घरोघरी असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण गल्लीत एखादा तरी असायचा. त्यात १२० चा रोल बसायचा आणि बारा चौकोनी फोटो निघायचे. रोल पुष्कळदा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा, 'इंदू' नावाचा. हा कारखाना १९६० साली स्थापन झाला. आज तो बंद पडलेला आहे. तर असे बारा फोटो काढून झाले, की रोल घेऊन स्टुडिओत जावे लागे. स्टुडिओवाला आतल्या अंधाऱ्या खोलीत तो धुवायचा आणि निगेटिव्ह उजेडाकडे धरून एकेका चौकोनावर बोट ठेवीत सांगायचा, "हा हात हलला. हा सूर्याकडे तोंड करून काढला. हा मात्र चांगला आला जी." बारा फोटोंमागे एक धडा. फी वेगळी नाही. त्या काळचे हौशी छायाचित्रकार याच शाळेत शिकले.

म्हणूनच मला असे वाटते, की दुकानाचे पहिले नुकसान ऑनलाइन व्यापाराने केलेले नाही. ते डिजिटल कॅमेऱ्याने केले. रोल संपला की गिऱ्हाईक परत येत असे. मेमरी कार्ड संपत नाही, त्यामुळे गिऱ्हाईकही परत येत नाही. मग मोबाईलात कॅमेरा आला आणि दुकानातल्या काचेच्या कपाटातले छोटे कॅमेरे गेले. कोडॅकसारख्या कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले, आणि ॲमेझॉनने भारतात विक्री सुरू केली ती जून २०१३ मध्ये. ज्याला आपण मारेकरी म्हणतो तो पोचला तेव्हा रोगी आधीच अंथरुणावर होता.

आता उरले काय? चंद्रपूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर उरला वाघ. ताडोबाच्या मोहर्ली दरवाज्याशी पहाटे उभे राहिलात तर हाताएवढ्या लांब लेन्स घेतलेले पाहुणे जिप्सीत बसताना दिसतात. त्यांना पाहून आमच्यातल्या पुष्कळांना, आणि दरवाज्यावरच्या तरुण गाईडांना, आपल्याही हाती असा कॅमेरा असावा असे वाटू लागले आहे. हे वाटणे चांगलेच आहे. परंतु नेमकी येथेच मोबाईलवरची खरेदी फसवते, कारण जंगलातला कॅमेरा ही आकड्यांवरून घेण्याची वस्तू नाही.

एक उदाहरण देतो. माझ्या एका मित्राकडे निकॉनची डी-३००० मालिकेतली बॉडी होती. मोबाईलवर त्याला जुनी, वापरलेली, ८०-२०० ची एएफ-डी लेन्स फार स्वस्तात दिसली. पैसे भरण्याच्या आधी, सुदैवाने, तो गावातल्या एका दुकानात बॅगेचा पट्टा घ्यायला गेला आणि सहज बोलला. दुकानदार म्हणाला, "बाबू, तुह्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्स बसंल, फोटोही येईल, पण फोकस हातानं करा लागंल. वाघ थांबते का तेवढ्यात?" गोष्ट खरी आहे. एएफ-डी जातीच्या लेन्सला फोकस करणारी मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते, आणि कंपनीने स्वस्त बॉड्यांतून ती काढून टाकली. हे मोबाईलच्या पडद्यावर कोठे तरी बारीक अक्षरांत लिहिलेलेही असेल. पण जे विचारायचे असते हेच ज्याला माहीत नाही, तो बारीक अक्षरे शोधणार कशाला? मित्राने दीडशे रुपयांचा पट्टा घेतला आणि त्याचे कित्येक हजार वाचले.

तीच गोष्ट उजेडाची. वाघ दिसायचा तो बहुधा पहिल्या तासात किंवा शेवटच्या तासात, आणि तोही बांबूच्या सावलीत. लांब पल्ल्याच्या स्वस्त झूम लेन्स पूर्ण लांबवल्या की त्यांचे तोंड ६.३ वर अडते. आत उजेड कमी येतो, मग शटर मंद होते आणि फोटो हलतो. शहरातल्या उन्हात घेतलेले नमुन्याचे फोटो पाहून हे कळत नाही. ज्या दुकानदाराने शंभर गिऱ्हाइकांचे हललेले फोटो पाहिले आहेत त्याला ते कळते. किंवा वजनाचे घ्या. दोन किलोंची लेन्स म्हणजे किती, हे हातात धरल्यावाचून समजत नाही. मी धरली आणि दोन मिनिटांत टेबलावर ठेवली.

आणि मग आपले हवामान. उन्हाळ्यात आपला पारा ४७ अंशांच्या पुढे जातो हे साऱ्या देशाला ठाऊक आहे; त्यात कोळशाची धूळ. लेन्स बदलताना ही धूळ आत शिरून सेन्सरवर बसते आणि प्रत्येक फोटोतल्या आभाळात तोच काळा ठिपका दिसू लागतो. उन्हाळा संपला की चार महिन्यांची ओल. जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा गाभा बंद असतो, तेव्हा कॅमेरा कातडी बॅगेत, कपाटात पडून राहतो, आणि दिवाळीत काढला की लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. ही बुरशी. एकदा आत लागली की काच उघडून साफ करावी लागते, आणि कधी कधी तिचा थर काचेवरचा लेपही खाऊन टाकतो. उपाय साधा आहे. घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा निळे करावेत. हे मला कोणत्याही जाहिरातीत वाचायला मिळाले नाही. दुकानात मिळाले, आणि पुड्याही तेथूनच फुकट मिळाल्या. नव्या मालाच्या खोक्यांतल्या पुड्या तो बरणीत जमवून ठेवतो.

आता भावाकडे वळू. पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज आहे, की ऑनलाइनला कर लागत नाही म्हणून माल स्वस्त पडतो. हे निखालस चूक आहे. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि तो दुकानातही तितकाच व पार्सलातही तितकाच. फरक पडतो तो दुसऱ्याच कारणाने. एका दुकानदाराने मला स्वतःचे खरेदीचे बिल दाखवले. दसऱ्याच्या सुमारास मोबाईलवर जो भाव चालू होता, त्याहून त्याची स्वतःची खरेदीच महाग होती. मोठ्या ऑनलाइन कंपन्या काही ठराविक विक्रेत्यांना झुकते माप देतात, भरमसाट सवलती देतात, अशी तक्रार दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने केली होती. तिच्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. ती तक्रार मोबाईल फोनांपुरती होती, तरी दुखणे तेच. तेव्हा "दुकानदार लुटतो" हे वाक्य अंमळ जपून उच्चारावे. लुटण्याजोगे त्याच्या हाती फारसे उरलेले नाही.

मला सर्वांत खटकते ती एक नवी रीत. दुकानात जायचे, तासभर कॅमेरा हाताळायचा, दोन लेन्स लावून पाहायच्या, दुकानदाराला दहा प्रश्न विचारायचे, "घरी विचारून सांगतो काका" म्हणून बाहेर पडायचे आणि पायरीवरच उभे राहून मोबाईलवर ऑर्डर द्यायची. एका वाचनालयात बसून पुस्तके वाचावीत आणि वर्गणी मात्र दुसऱ्याला द्यावी, तसा हा प्रकार. ज्याला ऑनलाइन घ्यायचे आहे त्याने खुशाल घ्यावे; पण मग त्या माणसाचा तास घेऊ नये. आणि तास घेतलाच असेल तर निदान एक वेळ सरळ विचारावे, "काका, मोबाईलवर हा भाव आहे, तुम्ही कितीपर्यंत याल?" मी विचारून पाहिले आहे. पूर्ण फरक भरून निघत नाही. थोडा निघतो, आणि उरलेल्याच्या बदल्यात बॅग, कार्ड आणि वर्षातून एकदा सेन्सरची सफाई पदरात पडते. हिशेब मांडला तर चार हजारांचे हजारावर येते.

याचा अर्थ दुकानदार धुतल्या तांदळासारखे आहेत असा नव्हे. "माल नागपूरहून मागवून देतो" म्हणून आगाऊ रक्कम घ्यायची आणि तीन आठवडे झुलवायचे, हा काहींचा धर्म होऊन बसला आहे. काही जण पक्के बिल मागितले की तोंड वाकडे करतात आणि "बिलाशिवाय दोन हजार कमी" असे सुचवतात. त्या दोन हजारांपायी वॉरंटी हातची जाते आणि माल चोरवाटेने आलेला असला तर दादही मागता येत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. आमच्या वर्गातील एक विद्यार्थिनी कॅमेरा घ्यायला गेली, पैसे तिचे, शिकवण्या घेऊन साठवलेले. सोबत दहावीतला धाकटा भाऊ होता. दुकानदार सारा वेळ त्या पोराशीच बोलला, शटर म्हणजे काय ते त्याला समजावले, आणि तिला म्हणाला, "ताई, तुम्हाला साधा घ्या, हा भारी आहे." तिने घरी येऊन तोच भारी कॅमेरा मोबाईलवरून मागवला. ऑनलाइन दुकान गिऱ्हाइकाला कोणाची कोण म्हणून विचारत नाही, हा त्याचा मोठाच गुण मानला पाहिजे. गावच्या दुकानदारांनी गिऱ्हाईक का तुटते याची कारणे शोधताना हेही एक लिहून ठेवावे.

आणि आता गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ ला हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला, तरी बाजारहाटासाठी त्याची वाट आजही चंद्रपूर-नागपूरकडेच येते. गडचिरोली शहर चंद्रपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटर, नागपूरपासून सुमारे एकशे सत्तर. पण भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथल्या मुलाला गडचिरोलीच मुळात दूर. त्याला "स्थानिक दुकानातून घे" म्हणून उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचे नियम सांगणे. माझा भामरागड तालुक्यातला मित्र म्हणतो, "तुमच्याकडं दुकान की मोबाईल हा प्रश्न आहे. आमच्याकडं मोबाईल की काहीच नाही, एवढाच आहे." त्याचे पार्सलसुद्धा गावात येत नाही, तालुक्याला नातेवाइकाच्या पत्त्यावर येते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण कित्येक पावसाळ्यांत वाचल्या आहेत. अशा वेळी ते वाटेतच कोठे तरी पडून राहते. आणि बिघाड झाला तर? परत पाठवण्याची मुदत मोजक्या दिवसांची. तीही वाटेतच संपते.

तरीही त्याने कॅमेरा घ्यावा, आणि ऑनलाइनच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण भावाच्या फरकाहून फार मोठे आहे. या मुलखातल्या माणसांचे फोटो आजवर कोणी काढले? १९४० च्या दशकात फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाने आदिलाबाद जिल्ह्यातल्या राजगोंडांचे शेकडो फोटो काढले. आपला राजुरा तालुका १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता, म्हणजे ही माणसे आपल्याच शिवेवरची. ते फोटो आज लंडनच्या एका विद्यापीठीय संस्थेच्या संग्रहात आहेत. काम मोलाचे आहे, त्याला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण त्यानंतरही वर्षानुवर्षे हेच चालले आहे. बाहेरचा माणूस कॅमेरा घेऊन येतो, माडिया बाईच्या गळ्यातल्या माळा टिपतो, रेला नाचताना टिपतो, आणि फोटो घेऊन जातो. तिचा भाचा तोच फोटो काढील तर काय टिपील? बहुधा माळा नाही टिपणार. कदाचित तेंदूपत्त्याच्या फडीवरचे तिचे बोटांचे काम टिपील, कदाचित आश्रमशाळेत पोराला सोडताना झालेला तिचा चेहरा. हे आपल्याला ठाऊक नाही, कारण भाच्याच्या हाती अजून कॅमेरा नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत सर्वाधिक कॅमेरे बहुधा झाडांना बांधलेले असतील! (२०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.) वाघाचा पट्टा न् पट्टा नोंदवला गेला, याचा आनंदच आहे. माणसांच्या नोंदीकडेही थोडे पाहावे, इतकेच म्हणणे.

ज्यांना ऑनलाइन घ्यायचे आहे, किंवा घेण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी दोन-चार अनुभवाच्या गोष्टी. मेमरी कार्ड शक्यतो अनोळखी विक्रेत्याकडून मागवू नये. नामांकित कंपनीचे नाव छापलेली नकली कार्डे सर्रास मिळतात, ६४ लिहिलेले असते आणि आत आठच मावते, पुढचे फोटो गडप. वापरलेली बॉडी न पाहता घेऊ नये, कारण शटर किती वेळा उडाले आहे हे विक्रेता स्वतःहून सांगत नाही. लेन्सचे झाकण, फिल्टर, पट्टा, रिमोट यांसाठी खुशाल मोबाईल वापरावा. ही चिल्लर दुकानदार ठेवतही नाही. पार्सल उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रफीत काढून ठेवावी. आणि कायदा माहीत असावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, त्याप्रमाणे तक्रार आपण जेथे राहतो तेथल्या जिल्हा आयोगात करता येते. विक्रेता बंगलोरचा असो की दिल्लीचा, आपल्याला तिकडे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीही नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही ठिकाणी असा आयोग आहे. त्याच सालच्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा संपर्क पडद्यावर दिसलाच पाहिजे. नसेल तर तेथून घेऊच नये.

राहता राहिला आपल्या महाविद्यालयाचा प्रश्न. प्रत्येकाने पन्नास हजार उभे करावेत हेच मुळात अवघड आहे. ग्रंथालयात महागडे संदर्भग्रंथ आपण मिळून वापरतो, तसा कॅमेरा का वापरू नये? एक मध्यम प्रतीची बॉडी, एक साधी लेन्स आणि एक लांब पल्ल्याची, गावातल्याच दुकानातून, पक्क्या बिलाने घ्यावी. ग्रंथालयातून अनामत ठेवून शनिवार-रविवारसाठी द्यावी. गडचिरोलीकडच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण तीन आठवड्यांसाठी द्यावी, कारण झाडीपट्टीतली नाटके तेव्हाच सुरू होतात आणि घरची माणसेही तेव्हाच भेटतात. दुकानदाराशी मी बोलून ठेवले आहे. खरेदी त्याच्याकडून झाली तर दर सत्रात एक शनिवार महाविद्यालयात येऊन तो सेन्सर साफ करून दाखवील आणि मुला-मुलींच्या शंकांना उत्तरे देईल, असे त्याने कबूल केले आहे. "मुलींच्याही" हा शब्द मी मुद्दाम दोनदा उच्चारला. तो हसला आणि म्हणाला, "समजलं बाबू." या मागणीचा अर्ज एक्केचाळीस सह्यांसह प्राचार्यांच्या टेबलावर गेला आहे, ज्या प्राध्यापकांनी दुकानदार जगला पाहिजे असे सांगितले होते, त्यांपैकी तिघांच्या सह्या त्यावर आहेत आणि उरलेल्यांसाठी अर्जाच्या तळाशी जागा सोडलेली आहे.